टोपपदर

लांबीला ती अडीच हात आहे, रुंदीला हातापेक्षा चार बोटं कमी. रंग तांबडा, पिंजरीच्या जवळचा, आणि त्यातून आडवा गेलेला एक पांढरा पट्टा. थंडीत ती माझ्या गळ्यात असते. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात शिरले की मात्र ती गळ्यातून उतरते आणि उभ्यानं ऑपेरा बघणाऱ्यांच्या कठड्यावर जाऊन थांबते. पंधरा वर्षांत त्या कठड्याशी मी जेवढी उभी राहिले असेन त्याहून ती जास्त राहिली आहे. मी कोट द्यायला जाते, पाणी प्यायला जाते, मध्यंतरात पाय मोकळे करायला जाते. ती कुठंच जात नाही.

आमच्या आईच्या इरकली लुगड्याचा हा टोपपदर. इरकलीचं अंग सुती असतं आणि पदर रेशमी. दोन्हींचा ताणा वेगळा, म्हणून विणकर अंगाच्या धाग्यांत पदराचे धागे फासे घालून अडकवतो, एकेक करून. दर लुगड्याला हे काम नव्यानं करावं लागतं. लहानपणी मी आईच्या मांडीवर पडून त्या जोडावरून बोट फिरवायची; सूत संपून रेशीम कुठं सुरू झालं ते डोळे मिटूनही कळायचं. पदराच्या तांबड्यात पांढऱ्या नक्षीचे दोन पट्टे. त्यात फणीचे दाते आहेत, जोंधळ्याची कणसं आहेत आणि किल्ल्याच्या तटावर असतात तशा चर्या आहेत. राजवाडा, मोर, कमळ यांतलं काही नाही. जी बाई रोज केस विंचरते, जोंधळा पाखडते आणि गावाच्या तटाआत राहते, तिच्या नजरेसमोरचं तेवढंच विणकरानं घेतलं. मला ही नक्षी जगातल्या कुठल्याही जरीपेक्षा श्रीमंत वाटते.

भिशी लागली त्या वर्षी आईनं ते लुगडं कोल्हापुरात महाद्वार रोडवर घेतलं. रोजच्याला नाही, लग्नकार्याला आणि नाटकाला. आबांना नाटकाचं वेड होतं आणि आई त्यांच्याबरोबर जायची. केशवराव भोसले नाट्यगृहात नाटक लागलं की दुपारपासून घरात वेगळी हालचाल असे. चुलीवर पाणी तापे, भाकरी लवकर थापल्या जात, आणि चार वाजता ट्रंकेतून इरकल निघे. पैसे मागच्या तिकिटांपुरतेच असत, पण आई कधी साध्या लुगड्यावर गेली नाही. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंही, मागं अंधारात बसायचं तर एवढं कशाला नेसायचं? आई म्हणाली, “ते एवढे नटून येतात, मग आपण?”

आई गेल्यावर ताईनं ट्रंक उघडली. अंगाचं सूत घड्यांवर विरलं होतं, उचललं की फाटायचं. पदर जसाच्या तसा. दोघींच्या वाट्याला एकेक पांढरा पट्टा यावा असा तिनं तो मधोमध आडवा कापला, कडा दुमडून हातानं टिपला आणि माझी पट्टी कुरिअरनं इकडं पाठवली. कात्री लावायच्या आधी ती बराच वेळ नुसती बसून होती, हे तिनं मला फार उशिरा सांगितलं.

तर ही पट्टी माझ्याकडं आली ती नाटकाला जायची सवय घेऊनच.

स्टेट ऑपेराची मोठी दारं रिंगश्ट्रासेवर उघडतात. उभ्याच्या तिकिटांची खिडकी तिकडं नाही. ती बाजूच्या ऑपर्नगासेवर आहे. प्रयोगाच्या ८० मिनिटं आधी ती उघडायची पद्धत. म्हणजे प्रयोग सातचा असेल तर पाच चाळीसला. पण मोठा गायक असला, पहिला प्रयोग असला किंवा ३१ डिसेंबरची रात्र असली, तर लोक दुपारपासून, कधी सकाळपासून भिंतीला लागून असतात. घडीची स्टुलं, थर्मास, डब्यात पावाचे तुकडे, मांडीवर उघडलेली स्वरलिपी. माणशी एकच तिकीट. मैत्रिणीसाठी, नवऱ्यासाठी, पाहुण्यासाठी जास्तीचं घेता येत नाही. ज्याला बघायचंय त्यानं स्वतः उभं राहायचं. मी २००९ साली इथं आले तेव्हा हे तिकीट तीन-चार युरोंना होतं. आता ते १० युरोंवर आणि कधी त्याच्याही पुढं गेलंय, काही तिकिटं त्या दिवशी ऑनलाइनही निघतात. तरी त्याच नाट्यगृहात पुढच्या खुर्चीला २०० युरोंच्या वर पडतात हे लक्षात घेतलं, तर उभ्याचं तिकीट आजही पैशापेक्षा वेळानंच घ्यायचं तिकीट आहे. हा सौदा मला फार न्यायाचा वाटतो. माझ्यासारख्या नोकरदार बाईकडं पैसे नसतात तेव्हा दोन-चार तास तरी असतात.

ज्या भिंतीला आम्ही टेकतो ती १८६९ ची आहे. त्या वर्षी २५ मे रोजी मोत्सार्टच्या ‘डॉन जोव्हानी’नं हे घर उघडलं. ते बांधणारे दोघं स्थापत्यकार, फान डेर न्यूल आणि सिकार्ड्सबुर्ग, तो दिवस बघायला हयात नव्हते. बांधकाम चालू असताना समोरच्या रस्त्याची पातळी वाढवली गेली आणि इमारत जमिनीत रुतल्यासारखी दिसू लागली. शहरानं तिला बुडालेली पेटी म्हणून हिणवलं. फान डेर न्यूलनं १८६८ मध्ये जीव दिला, आणि त्याच वर्षी काही आठवड्यांतच त्याचा सहकारीही आजारानं गेला. रांगेत तासन्‌तास उभं राहिलं की कमानीच्या दगडावरचं कोरीव काम अगदी डोळ्यांपाशी येतं, आणि ज्यांनी ते कागदावर आखलं त्यांना आत शिरायलाच मिळालं नाही, याची हळहळ मला दर वेळी वाटते.

तिकीट हातात आलं की रखवालदार रांगेला आत नेतात आणि दारापाशी रोखून धरतात. दार उघडतं, आणि इथं पट्टीचं काम सुरू होतं.

उभ्याच्या जागा तीन मजल्यांवर आहेत. सगळ्यांत चांगल्या तळमजल्यावर, खुर्च्यांच्या मागं. त्यांच्या बरोबर डोक्यावर मधला मोठा सज्जा, एके काळी सम्राटाचा. म्हणजे बादशहाला जे दिसायचं आणि ऐकू यायचं, जवळपास तेच आम्हाला, एक मजला खाली. उताराच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला कठडा, कठड्यावर गाण्याचे शब्द दाखवणारे छोटे पडदे. माणूस आत येतो, जागा निवडतो आणि गळ्यातला मफलर किंवा रुमाल कठड्याला बांधतो. गाठ पडली की जागा त्याची. मग तो खुशाल जातो. कोट ठेवतो, कॉफी घेतो, तासाभरानं परत येतो. जागा तशीच असते. जागेला नंबर नाही, नावाची चिठ्ठी नाही. एका फडक्याची गाठ आणि शेकडो अनोळखी माणसांनी तिचा ठेवलेला मान, एवढ्यावर ते चालतं.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला एकदम कोल्हापूरचा एसटी स्टँड आठवला. गाडी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकायचा. आत चढून बघावं तर रुमाल खाली पडलेला आणि सीटवर तिसराच कुणीतरी, आणि मग गारगोटीपर्यंत भांडण. आमच्याकडं रुमालानं जागा धरता येते, टिकवायला तोंड लागतं. इथं तोंड लागत नव्हतं. माझी पट्टी पहिल्यांदा बांधून मी कोट द्यायला गेले तेव्हा जीव थाऱ्यावर नव्हता. जागेपेक्षा पट्टीची काळजी. आईची तेवढीच एक गोष्ट माझ्याकडं होती. धावत परत आले. डावीकडं राखाडी मफलर, उजवीकडं कुणाचा तरी निळा रेशमी रुमाल, आणि मधे ती. घरच्यासारखी बसलेली.

तो राखाडी मफलर एका म्हाताऱ्या बाईंचा होता. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यांनी माझं विचारलं नाही. मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणायची. मफलर लोकरीचा, कोपऱ्यावर रफू केलेला, आणि रफूची लोकर मूळच्या लोकरीपेक्षा थोडी गडद. त्या लहान असल्यापासून त्या कठड्याशी उभ्या राहत होत्या. गायकाच्या श्वासावरून तो आज कुठं अडखळणार ते सांगायच्या. त्यांच्याशी माझी खरी ओळख झाली ती एका वाईट प्रसंगातून. तिसरंच वर्ष असेल. मी पट्टी बांधून बाहेर गेले आणि परतायला उशीर झाला. येऊन बघते तर माझ्या जागी एक जोडपं उभं, पट्टी खाली, आणि त्या माणसाचा बूट तिच्या कडेवर. त्यांना रीत माहीत नसावी. मला शब्द फुटेना. जर्मन तर फुटेचना. आजींनी बोलायच्या आधी वाकून पट्टी उचलली. गुडघे धरून, हळूहळू. आपल्या बाहीवर झटकली. उलटसुलट करून तिला काही लागलंय का ते बघितलं आणि मग त्या जोडप्याकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, “ही बाई इथं उभी आहे.” जोडपं लगेच सरकलं, माफीही मागितली.

आजींनी पट्टी माझ्या हातात दिली नाही. स्वतः बांधली. रेशीम निसटतं म्हणून दोन वेढे घेऊन त्यातून टोक खालून काढायचं, ही गाठ मी त्या दिवशी शिकले आणि आजवर तीच मारते. गाठ मारून झाल्यावर त्यांनी पांढऱ्या नक्षीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, हे काय आहे? मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं, फणी, धान्य, किल्ल्याची भिंत. त्यांनी मान हलवली. “बाईमाणसाचं कापड आहे,” म्हणाल्या.

मग आठेक वर्षं आम्ही शेजारी उभ्या राहिलो. एका हंगामात राखाडी मफलर दिसेनासा झाला. आजही डावीकडं बघायची माझी सवय गेलेली नाही.

आता नटण्याविषयी, कारण पट्टीचा जन्मच त्यासाठीचा.

ऑपेरा म्हणजे लांब झगे आणि काळे कोट असं चित्र आपल्या मनात असतं, आणि वर्षातून एका रात्री ते तंतोतंत खरं असतं. ख्रिस्ती उपवासकाळ सुरू व्हायच्या आधीच्या गुरुवारी इथं ऑपेरा बॉल होतो. खुर्च्या काढून प्रेक्षागृहाची जमीन रंगमंचाच्या पातळीला आणतात, पुरुषांना शेपटीचा कोट आणि पांढरा बो सक्तीचा, बायकांना पायघोळ गाऊन. एरवीच्या दिवशी अशी सक्ती नाही. पण ३१ डिसेंबरला, योहान श्ट्राउसचा ‘दी फ्लेडरमाउस’ असतो तेव्हा, न सांगता सगळं शहर सजून येतं. ‘फ्लेडरमाउस’ म्हणजे वटवाघूळ. वर्षाच्या शेवटच्या रात्री आणि पहिल्या दिवशी हा प्रयोग करायची इथं रीतच आहे, आणि ओटो शेंक यांनी १९७९ च्या ३१ डिसेंबरला बसवलेलं रूप अजून उभं आहे.

त्या दिवशीच्या रांगेत मला सगळ्यांत आवडतं ते कोटाखालून डोकावणारं कापड. जाडजूड कोट, लोकरी टोपी, पायात बर्फातले बूट, आणि कोटाच्या खालच्या कडेतून दोन बोटं दिसणारी काळी मखमल. हातात कापडी पिशवी, पिशवीत चांगले बूट. पुरुषांच्या मफलराआडून बो. काही जण इथलं हिरवट लोकरी जाकीट घालून येतात, शिंगाच्या गुंड्यांचं. ती त्यांची घरची रीत. सगळे सकाळपासून थंडीत उभे, आणि सगळ्यांच्या आत सण गुंडाळून ठेवलेला.

मी सहावारी नेसते. पहिल्या वर्षी धाकधूक होती, उणे तापमानात साडी कशी निभवायची. आता बेत बसलाय. आतून लोकरी पायजमा आणि लोकरी मोजे, ब्लाउजखाली पूर्ण बाह्यांचा पातळ स्वेटर, निऱ्या वर खोचून कमरेशी दोन पिना, वरून घोट्यापर्यंतचा कोट. नारायणपेठ बरी पडते. हलकी असते आणि कोटाखाली चुरगळली तरी झटकली की सावरते. टाचा नकोत, कारण मध्यंतर धरून तीन तासांवर उभं राहायचंय. गळ्यात पट्टी. पट्टी कठड्याला बांधून झाली की मी कोट ठेवायला जाते, आडोशाला निऱ्या सोडते, बूट बदलते, मोत्याच्या कुड्या घालते. तिथल्या आरशापुढं आम्ही आठ-दहा बायका एकदम उभ्या असतो. कुणी पाठीची चेन लावून मागते, कुणी मला पदराची पिन लावून देते. मग मी कठड्याशी परत येते तेव्हा बांधताना होते ती बाई नसते. पट्टीनं जागा धरलेली असते ती या दुसऱ्या बाईसाठी.

दहा युरोंचं तिकीट काढून, अंधारात मागं उभं राहायचं, त्याला एवढं कशाला, हा प्रश्न मलाही इथं विचारला गेलाय. आमच्या आईचं उत्तर मी जर्मनमध्ये देते. पुढं खड्ड्यात वादक बसलेले असतात, काळ्या पोशाखात; व्हिएन्ना फिलहार्मोनिक याच वाद्यवृंदातल्या वादकांचा बनतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्याच म्युझिकफेराइनमध्ये त्यांची नववर्षाची मैफल जगभर ऐकली जाते. एवढी माणसं आपल्यासाठी आयुष्याची मेहनत आणि अंगावर इस्त्रीचं कापड घेऊन बसली आहेत. त्यांना आपण दिसत नाही, हे कारण मला पटत नाही. देवळात तरी देव डोळे उघडून कुठं बघतो? पण आपण धुतलेलंच नेसून जातो.

‘फ्लेडरमाउस’मध्येही सगळा खेळ कपड्यांचाच आहे. दुसऱ्या अंकात एका रशियन राजपुत्राकडं मेजवानी. नवरा खोटं नाव घेऊन आलेला, बायको मुखवटा घालून हंगेरीची सरदारीण झालेली, आणि घरची मोलकरीण आडेले मालकिणीचा झगा घालून नटी म्हणून मिरवतेय. मालक तिला ओळखतो, चारचौघांत म्हणतो, ही तर माझ्या मोलकरणीसारखी दिसते. तेव्हा ती हसत हसत एक गाणं म्हणते. हा हात, हा बांधा, हे बोलणं मोलकरणीत दिसतं का कधी, असं विचारत ती त्यालाच सगळ्यांपुढं खोटं पाडते. हास्यच सुरात बांधलेलं आहे, वर चढत जाणारं. सगळं नाट्यगृह हसतं. मला त्या जागी आई आठवते. लग्नकार्याला वाड्यातल्या बायका आपल्या जुन्या पैठण्या द्यायला तयार असायच्या, आणि आई नको म्हणायची. तिनं पाच वर्षं भिशी भरली आणि स्वतःची इरकल घेतली. आडेलेपाशी तेवढा अवधी नव्हता, एकच रात्र होती. म्हणून तिचं हसणं मला लबाडीचं वाटत नाही. झगा उसना असला तरी ती मेजवानीत शोभते, हे खरंच आहे. गाणं संपतं तेव्हा माझा हात कठड्यावर पट्टीच्या गाठीवर असतो, आणि टाळ्या वाजवायला तो काढावा लागतो.

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट आता सांगायला हवी. ८ तारखेच्या रात्री कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, गायकनट केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून बांधलेली ती वास्तू, १९१५ पासूनची. केशवराव कोल्हापूरचेच, १९२१ च्या जुलैत मुंबईला बालगंधर्वांबरोबर ‘संयुक्त मानापमान’मध्ये उभे राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गेले, वय अवघं ३१. मी फोनवर ती ज्वाळांची चित्रं बघत होते. छप्पर उरलं नव्हतं. ताईचा फोन आला, ती काही बोलेना. मीही बोलले नाही. आईचा पदर त्याच छपराखाली कितीदा बसला होता.

ऑगस्टात इथला ऑपेरा बंद असतो. तरी संध्याकाळी मी पट्टी घेऊन ऑपर्नगासेवर गेले आणि जिथं रांग लागते तिथं उभी राहिले. हे घरही जळलेलं आहे. १२ मार्च १९४५ ला बॉम्ब पडले. दर्शनी भाग, मोठा जिना आणि चित्रं रंगवलेलं पुढचं दालन वाचलं. प्रेक्षागृह आणि रंगमंच गेला. १२० हून अधिक ऑपेरांचं नेपथ्य गेलं, आणि दीड लाखाच्या आसपास पोशाख. लोक घर पुन्हा उभं राहिल्याचं कौतुक करतात, ते करावंच. पण मला त्या पोशाखांचं दुःख वेगळं वाटतं. दीड लाख वेळा कुणीतरी सुईत दोरा ओवला होता. दहा वर्षांनी, ५ नोव्हेंबर १९५५ ला, बेथोवनच्या ‘फिदेलिओ’नं दारं पुन्हा उघडली. तुरुंगातून उजेडात येणाऱ्या माणसांचा तो ऑपेरा; कार्ल ब्योम वाद्यवृंदापुढं उभे होते. राखाडी मफलरवाल्या आजींनी मला एकदा सांगितलं होतं, की त्या हिवाळ्यात त्या आईचा हात धरून पहिल्यांदा कठड्याशी उभ्या राहिल्या आणि त्यांना कठड्यावरून काही दिसत नव्हतं. मी भिंतीला पाठ लावून हे सगळं आठवत राहिले. पट्टी हातात होती. नेहमीपेक्षा घट्ट धरली होती, रेशमावर सुरकुत्या पडल्या.

त्याच डिसेंबरात ताई आली. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, वयाच्या ६६ व्या वर्षी. मी तिला खुर्चीचं तिकीट काढते म्हटलं. तिचे गुडघे दुखतात. ती म्हणाली, तू जिथं उभी राहतेस तिथंच मी. ३१ तारखेला आम्ही घडीची दोन स्टुलं, थर्मासमध्ये चहा आणि डब्यात दशम्या घेऊन भिंतीला लागलो. ताईनं निऱ्या वर खोचल्या, डोक्यावर माझी लोकरी टोपी चढवली, आणि पुढच्या मुलीला दशमी दिली. ती मुलगी जपानी होती, गाणं शिकायला आलेली. तासाभरानं ती ताईला आपल्या वहीतली स्वरलिपी दाखवत होती आणि ताई मन लावून बघत होती. बोलायला दोघींना एक शब्दही सामाईक नव्हता. जळलेल्या थिएटरविषयी ताई मला रांगेतच बोलली. ती जाऊन आली होती. लोक बाहेर उभे राहून नुसते बघत होते, म्हणाली, काही म्हाताऱ्यांनी चपला काढल्या होत्या.

माणशी एक तिकीट. ताईनं आपलं तिकीट स्वतः, सुटे मोजून घेतलं. दार उघडलं, मी तिला दंड धरून चालवत नेलं, आणि दुसऱ्या पायरीच्या कठड्याशी दोघींना पुरेल एवढी जागा मिळाली. मी गळ्यातली पट्टी काढून दोन वेढे घेतले, खालून टोक काढलं. ताईनं पर्स उघडली. पर्समध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेला तिचा अर्धा पदर होता. ती तो आणणार हे मला बोलली नव्हती. माझ्या अर्ध्यापेक्षा त्याचा रंग जास्त ताजा, कारण ताईनं तो कधी वापरलाच नाही, ट्रंकेत ठेवला. माझा उन्हानं, बर्फानं, हातांनी थोडा उतरलेला. शेजारी शेजारी आल्यावर कळलं की दोन्ही एकाच कापडाचे.

तिला गाठ जमेना. मी दाखवली, दोन वेढे, मग खालून. तिनं ती मारली, मागं सरकून दोन्हींकडं पाहिलं, आणि पुढं वाकून माझी सोडायला लागली. मी म्हटलं, अगं ताई, राहू दे, लोक येतायत.

“उलटी बांधलीस,” ती म्हणाली. “चर्या वर असतात.”